सायमाच्या शर्टाचं शेपूट

माझी बहीण सायमा. तिच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं की मी आधी हात उचलतो आणि मग विचारतो, काय म्हणालास? शाळा मी सहावीत सोडली, पण माणूस ओळखायला मला मास्तर लागत नाही. असली बाई मिशिगनच्या या थंड टोकाला दुसरी नाही, आणि ती माझी धाकटी बहीण आहे.

तिचा नवरा लोखंडाच्या खाणीत दगावला तेव्हा सगळे म्हणाले, आता ही रडत माहेरी येणार. आली नाही. लाकडाच्या गिरणीत पुरुषांच्या रांगेत उभी राहून फळ्या निवडायला लागली. हाताला घट्टे पडले, जिभेला धार आली.

मग बाबा वारले आणि जंगलातल्या आमच्या शिकारीच्या खोपटातली त्यांची जागा रिकामी झाली. माझी तिथं आधीपासून होतीच. बाबांची सायमाला हवी होती. आमचा चुलतभाऊ व्हर्नर त्या जागेवर आपला जावई बसवायला टपलेला.

"बाईमाणूस खोपटात?" व्हर्नर म्हणाला. "हिच्याकडे बंदूक तरी आहे का?"

नव्हती. बाबांची आजारपणातच विकली गेलेली. सायमा हार्डवेअरच्या दुकानात गेली. तिथं पिंपात स्वीडनच्या फौजेनं मोडीत काढलेल्या रायफली छत्र्यांसारख्या खुपसून ठेवल्या होत्या. ती एकेक उपसायची, मागचा बोल्ट काढायची आणि नळीतून खिडकीकडे बघायची.

"बाई, सगळ्या सारख्याच आहेत," दुकानदार वैतागला.

"मग मी कुठलीही घेतली तर तुझं काय जातंय?"

नळीच्या आतले आटे चकचकीत, बोल्टवर आणि नळीवर एकच नंबर, म्हणजे जोडी मूळची, अशी एक शोधूनच ती बाहेर पडली.

रायफल मेणासारख्या चिकट ग्रीसनं लिंपलेली होती. सायमानं लाकडी दस्ता चुलीजवळ ठेवला. आतलं ग्रीस घामासारखं पाझरायचं, ती पुसायची, परत पाझरायचं. नळीत नरसाळ्यानं उकळतं पाणी ओतलं. बोल्ट सुटा करून आतली स्प्रिंग रॉकेलमध्ये धुतली. तिथं ग्रीस राहिलं तर थंडीत घट्ट होतं आणि ऐन वेळी बार उडत नाही.

व्हर्नर मुद्दाम बघायला आला. "भंगार गं हे! नळीखालचा लांबलचक दस्ता कापून टाक, निदान शिकारीची बंदूक दिसेल."

"तुझी मान कापली तर तू माणूस दिसशील का?"

मी दारातच उभा होतो. तो तिला आणखी काही बोलला असता तर मी तिथंच त्याला बर्फात गाडला असता.

नोव्हेंबरात शिकार उघडली. पहिल्याच सकाळी हरणाचा मोठा नर सायमासमोर आला. एवढी थंडी, पण बार खणखणीत उडाला. गोळी मात्र त्याच्या पाठीवरून गेली. फौजेच्या रायफलीचा नेम लांबच्या माणसासाठी बांधलेला असतो; जवळच्या जनावरावर गोळी उंच जाते. आधी एखाद्या खोक्यावर मारून बघायला हवी होती. सायमा म्हणाली होती, फौजेनं बघितलीय, मी काय बघू?

दुपारी सगळे खोपटात जमलो. आमची रीत अशी की ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं टोक, शेपूट म्हणतो आम्ही, ते कापायचं आणि भिंतीवर ठोकायचं. बाबांचीसुद्धा दोन आहेत तिथं.

सायमानं कात्री टेबलावर आपटली. "कापा."

व्हर्नर दात काढून हसला. "पाहुण्यांचे शर्ट आम्ही कापत नाही. कॉफी घ्या, घरी जा."

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. शेपूट भिंतीवर लागलं की माणूस इथला झाला. म्हणून हा एवढा प्रेमळ झाला होता.

"पाहुणी?" सायमा म्हणाली. "काल सौनाच्या वाफेच्या न्हाणीला पाणी कुणी वाहिलं? तुझी खरकटी ताटली कुणी घासली? आज नेम कुणाचा चुकला? तुझ्या जावयाचा? तो तर अजून अंथरुणात आहे!"

"बाईचं शेपूट या भिंतीवर लागणार नाही."

मी उठलो. तेवढ्यात आमच्यातले सगळ्यात म्हातारे काल्ले काका म्हणाले, "खाली बस रे. आणि व्हर्नर, तू तोंड मिट. चुकली ना? मग कापायचं. हिचा बाप चुकला तेव्हा मी त्याला विचारलं नव्हतं, तू बाप्या का बाई."

त्यांनी कात्री घेतली. सायमा पाठ करून ताठ उभी राहिली. खिळा मी ठोकला, एका घावात, खोपट हादरलं.

व्हर्नरनं जावयाला उठवलं आणि दोघं सामान बांधून निघाले. दारात तो माझ्याकडे बघून थुंकला. सायमानं बाबांच्या जागेवर आपलं अंथरूण टाकलं आणि मला म्हणाली, "दादा, दार लाव. गारठा येतोय."