वेडी बाभूळ उद्या कुठं जाईल

माझी बायको शिरूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते आणि मी रांजणगावला कंपनीत शिफ्ट करतो. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिनं पीएचडीला नाव घातलं. विषय ऐकून मला हसूच आलं. वेडी बाभूळ! आमच्याकडे ओढ्याला, गायरानात, रस्त्याच्या कडेला न लावता माजणारं हे काटेरी झाड. त्याचा अभ्यास तो काय करायचा?

"ती कुठं आहे हे सगळ्यांनाच दिसतंय," ती म्हणाली. "उद्या कुठं जाईल ते मला शोधायचंय."

तेव्हापासून माझी साप्ताहिक सुट्टी तिची झाली. मी गाडी चालवायची, तिनं मागं बसून मोबाईलवर ठिकाणं नोंदवायची. न्हावऱ्याच्या रस्त्यानं आम्ही पार दौंड तालुक्यात जायचो. बाभळीपाशी थांबणं मला समजायचं. पण ती मोकळ्या माळावरही गाडी थांबवायची, चौफेर फिरून यायची आणि नोंदवायची, 'इथं नाही'. खुटबावजवळ एका शेतकऱ्यानं विचारलं, "मॅडम, काय घावलं?"

"काहीच नाही," ती खुशीत म्हणाली.

तो माझ्याकडं वळला. "आन् तुम्ही पेट्रोल जाळून ह्ये बघाया आलाय व्हय?"

मग घरी तिनं मला नीट समजावलं. झाड आहे तिथली आणि नाही तिथलीही माती, पाऊस, उतार, पाण्यापासूनचं अंतर असं सगळं कॉम्प्युटरला द्यायचं. त्यावरून तो नकाशा रंगवतो. लाल जागेत झाड आज असेलच असं नाही, पण बी पोचलं तर तिथं ते जोमानं वाढेल. पांढऱ्या जागेत त्याला रुजणं अवघड.

खुटबावच्या पुढच्या एका गावाला आपलं गायरान या बाभळीतून मोकळं करायचं होतं. नकाशाची गोष्ट कानावर गेली म्हणून त्यांनी तिला बैठकीला बोलावलं. बैठकीआधी ती सकाळीच गायरान बघायला गेली. नकाशात पांढऱ्या दिसणाऱ्या एका पट्ट्यात तिला बोटभर उंचीची रोपं दिसली. एक नाही, जिकडंतिकडं. ती खाली बसली. मेंढरांच्या वाळलेल्या लेंड्या तिनं काटकीनं फोडल्या, तर आत बाभळीचं बी. तो पट्टा म्हणजे मेंढरांची रोजची वाट होती. माती, पाणी सगळं तिनं धरलं होतं, मेंढरं तेवढी धरायची राहिली होती.

मला वाटलं, आता ती बैठक पुढं ढकलेल. तिनं मात्र देवळाच्या मंडपात नकाशा टांगला आणि पहिलंच वाक्य बोलली, "हा पांढरा पट्टा चुकलाय. मी आत्ताच तिथं रोपं बघून आले."

आमच्या लाईनवर पीस बिघडला की आधी कुठल्या शिफ्टचा यावर भांडण जुंपतं. इथं कुणी विचारायच्या आत तिनं चूक सांगून टाकली होती. मला मागच्या रांगेत ताठ बसावंसं वाटलं.

मेंढरं पाळणारे एक आप्पा उठले. "मंग आता आमची मेंढरं बंद करता का काय?"

"नाही आप्पा. ती कुठनं जातात, कुठं बसतात, तेवढं मला दाखवा. आणि मोठी झाडं नुसती तोडू नका, बुडातून परत फुटतात. शिवाय बायांचं सरपण तिथनंच येतं. आधी ही लहान रोपं मुळासकट उपटू."

"एवढंच?"

"एवढंच. पण दरसाल करावं लागंल."

दुपारी आप्पांनी तिला सगळी वाट चालून दाखवली. पाऊस झाल्यावर माती मऊ होती तेव्हा गावानं रोपं उपटली, आम्हीही होतो. तिनं मेंढरांची वाट घालून नकाशा पुन्हा केला आणि तो पट्टा लाल झाला. प्रबंधात तिनं दोन्ही नकाशे शेजारी शेजारी छापले, पहिला कुठं आणि का चुकला ते लिहून.

जुनी दाट बाभूळ अजून ओढ्याकाठी आहे. वरचा माळ मात्र गवताचाच राहिलाय. मधूनमधून आप्पांचा फोन येतो. ती वर्गात असली की ते मला लावतात.

"मॅडमला सांगा, बंधाऱ्याच्या वरल्या अंगाला नवी रोपं दिसली. आमी उपटली. पर नकाशात घाला म्हनावं."