पुसलेली चंद्रकोर

कुणी नानखटाई पुढे केली की मी नको म्हणते. गोड आवडत नाही, असं सांगते. साफ खोटं आहे ते.

राज्यांची फेररचना झाली आणि बाबांची बदली भोपाळला झाली. आमचं बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलेलं, कचेरीचं सगळं लिहिणं आता हिंदीत. पन्नाशीला आलेला माणूस तिथे एका खोलीत एकटा, खानावळीत जेवायचा. जेवायचा कसलं, पानावरून उठायचा. घास उतरत नाही, असं प्रत्येक पत्रात असायचं. एकदा त्यांनी लिहिलं, "तुझी ती काळी नानखटाई पाठव. तेवढी खाईन म्हणतो."

काळी नानखटाई ही आईची युक्ती. मैदा, साखर आणि तूप आमच्या घरात एकाच दिवशी कधी नसायचंच. मग ज्वारीचं पीठ, कच्ची केळी वाळवून दळलेलं पीठ, किसलेला गूळ, तूप चमचाभर आणि बाकी शेंगदाण्याचं तेल. सोड्याऐवजी चिमूटभर पापडखार. पहिल्यांदा केली तेव्हा बाबांनी उभ्या उभ्या सहा संपवल्या होत्या.

भाजायला गावातल्या शनवारा भागातल्या भट्टीवर जायचं. ज्याने त्याने आपला थाळा मांडून न्यायचा. सगळ्या घरांचे थाळे एकत्र आत जायचे, म्हणून प्रत्येक घराची निशाणी ठरलेली. कुणाची चारोळी, कुणाची लवंग. आमच्याकडे दोन्ही नसायचं, म्हणून आई नखाने चंद्रकोर काढायची.

धाकट्याला ताप होता, म्हणून त्या दिवशी मी एकटी गेले. आईने बजावलं होतं, "भाजून झालं की तिथेच डब्यात भर. शेजारचे मास्तर भोपाळच्या गाडीला निघालेत, त्यांच्या टांग्यात डबा दे."

भट्टीच्या दारात गावातल्याच लालबाग वस्तीतल्या सधन बायकांचे थाळे दिसले. पांढरे शुभ्र. माझी लाजेने मान खाली गेली, आणि खरं सांगते, आईचाच राग आला. कोपऱ्यावर थांबून मी अंगठ्याने एकेक चंद्रकोर पुसली आणि थाळा गुपचूप रांगेत सरकवला. "कोणाच्या गं या गोवऱ्या?" एकीने विचारलं. बाकीच्या हसल्या. मीही हसले.

थाळे बाहेर आले. भट्टीवाले चाचा म्हणाले, "बेटी, तेरा कौन सा?" एका पांढऱ्या थाळ्यावर निशाणी नव्हती, कुणीतरी घाईत विसरलं असावं. मी त्याच्याकडे बोट केलं. चाचा क्षणभर थांबले, मग त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. डबा भरून मी मास्तरांना दिला.

आठवड्याने बाबांचं पत्र आलं. "डबा मिळाला. पण खाताना घर काही आठवलं नाही. खानावळीतल्या मंडळींना वाटून टाकला." आईने पत्र दोनदा वाचलं. "माझ्या हाताची चवच गेली," म्हणाली आणि पीठ मळायला बसली.

त्याच सुमारास शाळेत माझ्या बाकावरची मुलगी सांगू लागली, त्यांच्याकडे भट्टीवरून चुकून गुळाची नानखटाई आली होती, दोन दिवसांत फस्त झाली. तिची आजी विचारत फिरत होती, कोणाच्या हातची म्हणून. मी म्हटलं, मला काय माहीत.

दिवाळीला बाबा आले. गळ्याची हाडं वर आली होती. आईने गरम भाकरी वाढली. बाबा म्हणाले, "ती काळी नानखटाई कर ना. तेव्हा ती पांढरी कशाला पाठवलीस?"

"पांढरी? काळीच तर पाठवली होती. हिच्याच हाती."

मी भाजीच्या वाटीत बघत राहिले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"असेल," ते म्हणाले. "तापात होतो मी. रंगही कळला नाही, चवही कळली नाही."

"ताप होता? मला कळवलं नाहीत?" आईचे डोळे भरले. त्यांना ताप आलाच नव्हता. त्या दिवशी मी बोलले नाही, आणि आई जाईपर्यंत बोलले नाही.