पारसची खोली आणि इंदूताईंचा शेजारधर्म

इंदूताईंनी धुतलेली रिकामी वाटी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या पारसला म्हणावं, म्हैनाअखेरीला खोली मोकळी कर."

पारस त्यांचा भाडेकरू. वय एकतीस, ऑटिझम असलेला. ती खोली त्याला मिळावी म्हणून मी किती उंबरे झिजवले होते ते माझं मला ठाऊक. आता एका वाटीपायी ती जाणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

आधी माझं काम सांगते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मी लोकांना नोकऱ्या लावून देते असा अर्ध्या जुन्नरचा समज होता. खरं म्हणजे आंघोळीपासून एसटीच्या प्रवासापर्यंत रोजची कामं माणसाला आपली आपण करता यावीत, यासाठी मी मदत करते. ऑटिझमला छापील मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. मला तो शब्द अजिबात पटत नाही. पारस कशात मग्न वगैरे नव्हता. त्याला आवाजाचा, गर्दीचा आणि मोघम बोलण्याचा त्रास व्हायचा. जे तोंडाने बोललं जाईल तेवढंच तो धरायचा.

पेठेत त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान, वर घर. पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन कुटुंब. घरात भाऊ, भावजया, पोरं आणि अखंड चालणाऱ्या हिंदी मालिका. पारस कानांवर हात ठेवून गच्चीत जाऊन बसायचा. वेगळी खोली हवी, हे त्याने स्वतः मला सांगितलं. स्वयंपाक, गॅस, कुलूप, बाजारहाट, सगळं तो शिकला. त्याच्या वडिलांचं, शेठजींचं, मात्र एकच पालुपद, "लोक म्हणतील, पोराला घराबाहेर काढलं." शेवटी ते कसेबसे तयार झाले, पण अट घालून. पहिली तक्रार आली की पारस घरी, आणि पुन्हा हा विषय नाही.

ती तक्रार आता माझ्यासमोर बसली होती. इंदूताई जवळच्या डिंगोरे गावच्या. शेती दीर बघायचे. मुलाच्या शाळेसाठी त्यांनी जुन्नरात घर बांधलं, मुलगा शिकून चाकणला कंपनीत लागला, आणि घरात त्या एकट्या उरल्या. माणूस मायाळू, पण मानाला जपणारा.

त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी त्यांनी पारसला वांग्याची भाजी नेऊन दिली. "यात कांदा आहे," म्हणून त्याने ती परत केली. दुसऱ्यांदा बिनकांद्याची केली, तोवर संध्याकाळ झाली. "दिवस मावळला," एवढं बोलून त्याने दार लावलं, कारण त्यांच्यात मावळतीनंतर जेवत नाहीत. मग त्यांनी भर दुपारी मुगाचं वरण नेलं. ते त्याने खाल्लं, वाटी लख्ख घासली आणि लगेच आणून दिली. रिकामी.

आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर घालतात. रिकामी वाटी म्हणजे तुमचं-आमचं देणंघेणं संपलं.

मी म्हटलं, त्याला ही रीत कुणी सांगितलीच नाही, आज सांगते. इंदूताईंनी नकारार्थी मान हलवली.

"वाटीचं सोडा. मी रोज कायतरी घेऊन जाते ती त्याला बघाया. ते दार लावून बसतंय. उद्या आत कायबाय झालं तर मला कसं कळावं? शेठ मलाच इचारतील ना?"

राग नव्हताच तो. त्यांना भीती वाटत होती. मी त्यांना घेऊन तडक खोलीवर गेले.

पारस तांदूळ निवडत होता. इंदूताई तू बरा आहेस का ते बघायला येतात, असं मी त्याला सांगितलं. त्याने जरा विचार केला आणि ताईंकडे न बघता विचारलं, "मग तसं विचारा की. भाजी कशाला?"

मला हसू आवरेना.

"मीच येऊन सांगेन," पारस म्हणाला. "रोज सकाळी, देरासरातून आलो की."

देरासर म्हणजे त्यांचं मंदिर. दुसऱ्या दिवसापासून तो तिथून परतताना इंदूताईंच्या दारात उभा राहून सांगू लागला, "मी बरा आहे. तुम्ही बऱ्या आहात का?" ताई म्हणायच्या, "बरी हाय रं बाबा." तो जायचा. खोली मोकळी करायचं ताईंनी पुन्हा काढलं नाही, आणि शेठजींपर्यंतही काही गेलं नाही.

पावसाळ्यानंतर एका सकाळी ताईंच्या तोंडून निघून गेलं, "कसली बरी? गुडघा धरलाय. आन् इथं इचारतंय कोण?" पारस सरळ कोपऱ्यावरच्या पीसीओत गेला. भाड्याच्या करारावर ताईंच्या मुलाचा नंबर होता, तो त्याला पाठ होता. "तुमची आई बरी नाही. तिला कोणी विचारत नाही," एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

मुलगा शिफ्ट सोडून दुपारपर्यंत दारात हजर.

मी गेले तेव्हा ताई चिडल्या होत्या. "पोराचा खाडा झाला ना उगाच. लई आगाव हाय तुमचा पारस." मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "दिवाळीबिगर कधी आला न्हवता वो तो."

पारस त्या खोलीत अजून आहे. पारससारख्या नव्या कुणासाठी खोली बघायला गेले की मी पाणी, वीज, कडी-कोयंडा तपासते, आणि मग घरमालकिणीला विचारते, तुमच्याकडे कोण येतं-जातं?