हरलेल्या दाव्यांची फाईल

जानकाबाई टेकाम, राहणार आंबेपोड, यांच्यावर अन्याय झाला तो नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीन वाजता, ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात. तो कुणी केला हे नियमाप्रमाणे दुसऱ्या ओळीत यायला हवं. मी थोडी मुदत मागून घेते, कारण हा नियम ज्या बाईने घातला तिची ओळख आधी करून द्यायची आहे.

रामटेके मॅडम मारेगावच्या कोर्टात वकिली करायच्या. बार रूममध्ये खिडकीखालचं टेबल त्यांचं. कोट कोपरांवर विटलेला, आणि हातात बियाण्याच्या कंपनीची फुकट मिळालेली पिशवी. तिच्यात भाकरीचा डबा आणि अशिलांची कागदपत्रं एकत्रच असायची. डब्यातलं तेल कागदाला लागू नये म्हणून मध्ये जुना पेपर घातलेला. चहाच्या वेळी वकील मंडळी जिंकलेल्या केसेस सांगू लागली की मॅडम चष्मा पुसत बसायच्या. सांगणाऱ्याचं संपलं की विचारायच्या, "बरं. आता हारलेली सांग."

एखादा हसून टाळायचा. एखादा खरंच सांगायचा. सांगितली की मॅडम पेन काढायच्या.

त्या पेनातून जे उतरायचं ते एका हिरव्या बॉक्स फायलीत जायचं. फायलीवर नाव नव्हतं, पण मारेगावपासून नेरपर्यंत कोर्टात नवीन उभे राहणारे सगळे वकील तिला 'हरलेली फाईल' म्हणायचे आणि झेरॉक्स मागायला यायचे. कायद्याची पुस्तकं बाजारात मिळतात. अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, बेलिफ बाजाराच्या दिवशी गेला तर घराला कुलूप असतं हे अर्जात आधीच का लिहून टाकायचं, ते पुस्तकात मिळत नाही. ते या फायलीत होतं. आणि प्रत्येक टिपणाची घडण एकच होती. पहिल्या ओळीत ज्याचं नुकसान झालं त्याचं नाव आणि वेळ. दुसऱ्या ओळीत वकिलाची चूक. तिसऱ्या ओळीपासून, ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं.

एक टिपण मला पाठ आहे, एका पोडाचं, म्हणजे डोंगरावरच्या कोलाम वस्तीचं. "सोमा आत्राम, राहणार पोड. वनजमिनीचा दावा नामंजूर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. जबाबासाठी मी पोडावरचा सगळ्यात म्हातारा माणूस उभा केला, त्याचाही स्वतःचा दावा आहे हे विचारलं नाही. चूक माझी. पुढे: ज्याचा दावा नाही अशाच म्हाताऱ्याचा जबाब घ्यावा. पोडावर तसा कोणी नसेल तर लेकी दिलेल्या गावी जाऊन शोधावा." एवढंच. ना कलमांची माळ, ना विद्वत्ता. पण हे वाचून वणीच्या एका नव्या वकिलाने तीन दावे वाचवले, हे तो स्वतः मला म्हणाला.

मॅडमची आणि माझी पहिली गाठ मात्र वेगळ्याच कारणाने पडली. मी पत्रकं काढते. कॉलेजपासून काढत आले. गावोगाव फिरायचं, अन्याय दिसला की दोन दिवसांत छापून वाटायचा, हे माझं काम आणि माझा माज. वनहक्काच्या मोर्चाची पत्रकं घेऊन मी बार रूममध्ये शिरले आणि प्रत्येक टेबलावर एक आपटत गेले. मॅडमनी त्यांचं पत्रक उचललं, शेवटपर्यंत वाचलं, मग उलटं केलं.

"पाठकोरं हाय," त्या खुश होऊन म्हणाल्या. "अजून हाय काय व तुह्याजवळ? दहा-वीस ठेवून जाय."

"वाटणार तुम्ही?"

"लिवणार. मागच्या बाजूले."

मला असा राग आला की कान तापले. म्हटलं, "पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते पटलं नाही वाटतं?"

"पटलं ना. धिक्कार सहा वेळा हाय. पटल्याबिगर कसा राहीन? पन हे पोलादी टाच-बिच जाऊ दे, ज्या बाईसाठी लिवलं तिनं अर्ज कधी देल्ला थे कुठी हाय?"

ते कुठेच नव्हतं. त्या दिवसापासून मी 'पत्रकवाली' झाले. मॅडम कोर्टाच्या आवारात लांबून हाक मारायच्या, "ये व पत्रकवाले, कोरे कागद आणले काय?" आणि मी आणायचे. उरलेली सगळी पत्रकं त्यांच्याकडे जायची. त्यांच्या फायलीतल्या कित्येक टिपणांच्या पाठीवर माझा धिक्कार आहे.

सगळ्यांना ही फाईल आवडत नव्हती, हेही लिहिलं पाहिजे. एक ज्येष्ठ वकील मॅडमना सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही आपल्याच धंद्याची इज्जत काढून राह्यल्या. अशिलानं हे वाचलं त उद्या कोन येईन आपल्याजवळ?"

मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर लोकं मेलेला माणूस उघडून पाह्यते, म्हून दुसरा वाचते. आपन हारलेला दावा फडक्यात बांधून माळ्यावर टाकतो. मंग दुसरा वकील तसाच हारते, अन् तोही माळ्यावर टाकते."

फायलीतलं पहिलं टिपण राजूरच्या एका बाईचं आहे. तिचा नवरा कोळशाच्या खाणीवर मजूर होता. भरपाईच्या अर्जाला मॅडमनी मृत्यूचा मूळ दाखला जोडला, नक्कल ठेवली नाही, दाखला कार्यालयात हरवला आणि भरपाई बुडाली. मॅडमचं ते वकिलीचं पहिलं वर्ष. पुढे तीसेक वर्षं त्या दरवर्षी एकदा बसने राजूरला जायच्या. एकदा मी सोबत होते. त्या बाईने अंगणात खाट टाकली, चहा केला, नातवाची शाळा सांगितली. परतताना मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दरवेळी चहा पाजते. शिव्या देल्ल्या असत्या त सोपं गेलं असतं."

आता मुदत संपली. जानकाबाईंचं सांगते.

जानकाबाई कोलाम. आंबेपोडाच्या वरच्या अंगाला तीन एकराचा तुकडा त्यांच्या सासऱ्याने लागवडीला काढला, धुरे म्हणजे बांध घातले, आणि त्यावर त्या आजवर ज्वारी, तूर घेत आल्या. त्या जमिनीसाठी वनहक्काचा दावा केला होता. वरच्या समितीने तो नामंजूर केला. पत्रात कारण दोनच शब्दांचं, 'पुरावा अपुरा'. नागपंचमीच्या आदल्या दिवशी साडेतीनला मी ग्रामपंचायतीत होते. शिपाई म्हणाला, "ताई, तुम्ही पोडावर जाताच, हे देऊन द्या ना. मले तिथी चढणं होत नाही." मी त्याच्या वहीत सही केली. तारीख टाकली नाही. पत्र वाचलं आणि माझं डोकं फिरलं. पोडाची वाट डावीकडे जाते, छापखान्याची उजवीकडे. मी उजवीकडे गेले.

चूक माझी.

आठ दिवसांनी मोर्चा होता. तिथे मी ते पत्र जानकाबाईंच्या हातात दिलं, फोटो काढला आणि पत्र परत माझ्या पिशवीत ठेवलं, 'सुरक्षित राहावं' म्हणून. फोटो दुसऱ्या दिवशी काढलेल्या नव्या पत्रकावर गेला. वर मोठ्या अक्षरात 'हा घ्या अन्यायाचा पुरावा', खाली प्रकाशनाची तारीख. दोन हजार प्रती काढल्या. तहसीलीच्या दारावर मी स्वतः खळ लावून चिकटवलं. खूप बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू. अपिलाला साठ दिवस असतात आणि समितीने मनावर घेतलं तर वर तीस, हे मला माहीत होतं. पण मोर्चे चालले होते, घोषणा चालल्या होत्या, आणि जे जोरात चाललंय ते पुढेही जातंय असं आम्हा लोकांना नेहमीच वाटतं.

दिवाळीनंतर जानकाबाईंच्या उभ्या तुरीत वनखात्याच्या रोपवनाचे खड्डे पडले. तेव्हा मी त्यांना घेऊन मॅडमकडे धावले.

"पत्र कुठी हाय?" मॅडमचा पहिला प्रश्न.

"माझ्याजवळ."

"कधीपासून?"

मी सांगितलं. मॅडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटी परतवली, पेनाच्या टोकाने चौकोन मोजत आल्या. नव्वद दिवसांवर नऊ दिवस झाले होते.

"मंग इतके दिवस बाईजवळ काय होतं?"

"पत्रक."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडायला हवं होतं. नियम त्यांना तोंडपाठ होता: नामंजुरी कारणांसकट दावेदाराच्या स्वतःच्या हातात पोचली पाहिजे, मुदत त्यानंतर. "कारणं धड नाई, अन् बाईच्या हातात देल्लं नाई. मुद्दा हाय," म्हणत त्यांनी लिहायला घेतलं. मग एकदम थांबल्या. "पत्रकात फोटो कायचा हाय?"

मी पत्रक पुढे केलं. मॅडमनी चष्मा काढला. डोळे चोळले. "शाबास व, पत्रकवाले."

मी म्हटलं, "फोटो वेगळ्या कागदाचा आहे असं सांगते मी. कोण तपासणारे?"

"तू खोटं बोलशीन," त्या शांतपणे म्हणाल्या, "त मी फाईल जाळतो अन् घरी बसतो. खरं काय झालं थे लिव. पूर्ण. तुह्या सहीनं."

सुनावणीला तेच झालं ज्याची भीती होती. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने पिशवीतून माझं पत्रक काढलं, घडी उघडली आणि टेबलावर सरळ केलं. "बाईंच्या हातात पत्र दिसतंय. खाली तारीख तुमच्याच लोकांची. अजून कसं पोचवायचं असतं मॅडम?" तहसीलीच्या दारावरून सोलून काढलेली प्रत होती ती, पाठीला माझीच खळ.

मॅडमनी माझं लेखी निवेदन पुढे ठेवलं. म्हणाल्या, "पत्र फोटोपुरतं हातात होतं. नंतर या मुलीच्या पिशवीत होतं. चूक तिची आहे, बाईंची नाही. ज्याची चूक त्याला शिक्षा द्या, तीन एकर दुसऱ्याचे आहेत." मग मला उभं केलं. मी माझं निवेदन वाचलं, जानकाबाई माझ्यापासून दोन हात अंतरावर बसलेल्या असताना. दोन हजार लोकांपुढे माईकवर माझा आवाज कधी कापला नव्हता.

अधिकाऱ्याने जानकाबाईंना विचारलं, यावर काही म्हणायचंय का.

"पोरगी चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पन कागद माहा होता."

अपील मुदतबाह्य म्हणून फेटाळलं गेलं. मॅडमनी नागपूरच्या एका ओळखीच्या वकिलामार्फत ते हायकोर्टात नेलं, स्वतःच्या खर्चाने दोनदा गेल्या. 'जैसे थे'चा आदेश मिळाला. म्हणजे खड्डे आहेत पण रोपं लावायची नाहीत, आणि जानकाबाई खड्ड्यांच्या मधून पेरतात. शेवटचा निकाल अजून व्हायचा आहे.

मी मॅडमना विचारलं होतं, हे टिपण फायलीत तुम्ही लिहिणार की मी. "माह्या चुका मी लिवतो," त्या म्हणाल्या. "तुही तू लिव. अन् वकील हो आधी. तुले बोलता येते, आता पोच घ्याले शीक." मी कायद्याला नाव घातलं. परीक्षेच्या दिवसांत त्या फोन करायच्या, अभ्यासाचं विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "लिवलं काय?" मी म्हणायचे, लिहिते.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. दुपारी कोर्टातून घरी आल्या, कोट खुंटीला लावला, पाणी मागितलं आणि खुर्चीतच मान टाकली. शोकसभेत वकिलांनी त्यांच्या जिंकलेल्या केसेस सांगितल्या, एकामागून एक. त्या असत्या तर चष्मा पुसत बसल्या असत्या. मी दाराशी उभी होते, कुणीतरी विचारेल म्हणून वाट पाहत: बरं, आता हरलेली सांगा. कुणी विचारलं नाही. मग मीच पुढे गेले आणि जानकाबाईंचं नाव घेऊन सुरुवात केली. सभेत चुळबुळ झाली. ते ज्येष्ठ वकील मात्र उठून हिरवी फाईल घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "बोलू नको. लिव."

लिहायला कागद शोधला तर पिशवीत तेच पत्रक निघालं. पुढे जानकाबाईंचा फोटो आणि माझी मोठी अक्षरं. मी ते उलटं केलं. पाठकोरं होतं. राहणार आंबेपोड, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीन. चूक माझी. पुढे: दुसऱ्याचं पत्र हाती आलं तर त्यावर आधी तारीख. मग पोडाची वाट. छापखाना शेवटी.

टिपणाची झेरॉक्स मी जानकाबाईंना नेऊन दिली आणि कोर्टाच्या कामासाठी मॅडमकडे राहिलेलं मूळ पत्रही. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी दोन्ही कागद घडी न घालता पत्र्याच्या पेटीत ठेवले, आणि पेटीला कुलूप लावलं. मला चहा केला. मी तो प्यायले.

तुम्ही हे वाचताय म्हणजे वकील असाल, कार्यकर्ते असाल, निदान गावात चार कागद वाचून देणारे तरी असाल. तुमच्या पिशवीत, टेबलाच्या खणात, मोबाईलच्या फोटोंत दुसऱ्या कुणाचं तरी नामंजुरीचं पत्र आत्ता या घडीला पडलेलं आहे. नाही म्हणू नका, मीही म्हणत होते. त्यावर मिळाल्याची खरी तारीख टाका. ज्याचं आहे त्याच्या हातात द्या, वाचून दाखवा, दिवस मोजून सांगा. उशीर झाला असेल तर त्याच्या समोर बसून तो कुणामुळे झाला ते लिहा आणि खाली सही करा. हा मजकूर घडी घालून ठेवण्याआधी उठा. चढण असेल तर चढा.