पोचन्नाचा कुंदा

हे गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला काही आठवडे झाले असतील. मी शाळेत जायच्या घाईत होते, तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली आणि ओळखीची हाक आली, "मेस्त्री लेरा?" जैनथकडचा शेतकरी, पोचन्ना. मिस्त्री नाहीत का, एवढं तो तेलुगूत विचारायचा आणि पुढचं सगळं आमच्या मराठीत बोलायचा. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी म्हटलं, "पोचन्नाभाऊ, मिस्त्री वारले." तो गमछा हातात घेऊन पायरीवरच बसला. मग म्हणाला, "बाई, अन् तुमी मले सांगतलं बी नाई..." काय सांगणार होते? माझ्याच गळी ते अजून उतरलेलं नाही.

माझे यजमान उत्तम मिस्त्री आदिलाबादेत फर्निचरला पॉलिश करायचे, पण खेडोपाडी त्यांची ओळख कुंद्यांमुळे. कुंदा म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता. रानडुकरं हाकलायला आमच्याकडे काही शेतकऱ्यांपाशी परवान्याच्या बंदुका आहेत. निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा कराव्या लागतात. तिथं त्या भिंतीला टेकून एकमेकींवर पडतात आणि निकालानंतर पोचे घेऊनच घरी येतात. मग मालक स्क्रू खोलून नुसतं लाकूड आमच्याकडे आणायचे. बंदूक यांनी कधी उंबरा ओलांडू दिली नाही. "लोखंड तुमचं, लाकूड माह्यं," म्हणायचे.

आणि इस्त्री माझी! पोच्यावर ओलं फडकं ठेवायचं, वर तापलेली इस्त्री टेकवायची, वाफ आत मुरली की दबलेलं लाकूड फुगून वर येतं. पण पौर्णिमेला विहारात नेसायच्या माझ्या पांढऱ्या साडीवर त्याच इस्त्रीचा तपकिरी डाग उमटला की माझं तोंड सुटायचं. "काऊन माझीच इस्त्री घेता हो? दुसरी आणून देली ना!" हे हसायचे. "तिची ऊब बराबर नाई लागत." मुलखाचे हट्टी! मग जवसाचं तेल तळहातानं कुंद्यावर चोळत बसायचे, हात तापेस्तोवर. कुणी घाईनं पॉलिश पेपर मारून आणला तर मात्र चिडायचे, "घासून पोचा जात नाई, बाजूचं लाकूड जाते." काम हातात घेण्याआधी पोच्यावरून नख फिरवायचे. नख चिरेत अडलं तर नाही म्हणून मान हलवायचे, "दबलेलं उठते. चिरलेलं नाई उठत."

हेच वाक्य त्यांनी पुढं माझ्यावर उलटवलं. त्यांची फुफ्फुसं निकामी होत गेली. आदिलाबाद झालं, नागपूर झालं, हैदराबाद झालं. तिथले डॉक्टर म्हणाले, घरी घेऊन जा. मी त्यांच्याशी भांडले. परतीच्या गाडीत हे धापा टाकत म्हणाले, "सुमन, आता पुरे. चिरलेलं हाय हे." मी अख्ख्या डब्यासमोर ओरडले, "मले लाकडाचं नका सांगू! तुमी लाकूड नाई!" बाया वळून बघायला लागल्या. हे खिडकीकडे तोंड करून बसले. मी ऐकलं नाही. कुणी काढा सांगितला, तो पाजला. कुणी मंचेरियलचा वैद्य सांगितला, तिकडे नेलं. लोक म्हणाले, बाई, का हाल करून राह्यल्या त्यांचे? मग मी काय करायचं होतं? नख फिरवून गप्प बसायचं?

शेवटच्या दिवसांत त्यांनी दुरुस्तीला आलेला पोचन्नाचा कुंदा मांडीवर मागून घेतला. हातात जोर नव्हता. म्हणाले, "इस्त्री तू धर." इतक्या वर्षांत पहिल्यांदा! "दाबू नको... नुसती टेकव." मी टेकवली. वाफ आली, पोचा उठला आणि त्याच्या पोटात एक बारीक चीर निघाली. त्यांनी नख फिरवलं. माझ्याकडे पाहिलं. आता ते वाक्य बोलतील म्हणून मी जीव मुठीत धरून बसले... पण ते बोललेच नाहीत. म्हणाले, "ठेव, अजून एक डाव ठेव फडकं." ते लाकडासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं, हे मला तेव्हाच कळलं. मी ठेवलं. त्यानंतर ते खाटेवरून उठले नाहीत.

त्या दिवशी मी पोचन्नाला चिरेचं सांगितलं, तेव्हा पायरीवरून उठताना तो म्हणाला, "बाई, चीर असू द्या. तसाच द्या कुंदा. डुकरं ज्वारीत घुसून राह्यले, नुसता बार काढला तरी पळतात." त्याचं खरंच होतं. पण मी म्हटलं, "काम बाकी हाय भाऊ, उद्या या." तो दुसऱ्या दिवशी आला, तेव्हाही उद्याच म्हटलं. काम कसलं बाकी! चीर लाखेनं भरावी लागते, आणि ते मला येत नाही.

खरं सांगू? फडक्यावर इस्त्री टेकवली की लाकडातून जवसाचं तेल आणि यांच्या तळहाताचा वास वर येतो. यांचे सदरे मेल्या लोकांनी घाईनं धुऊन टाकले, त्यांना आता साबणाचा वास आहे. घरात हे उरलेत ते या एका लाकडात, आणि तेही दुसऱ्याचं.

काल पोचन्ना पुन्हा आला. दारातून तापलेली इस्त्री बघितली, वाफेत तोंड घालून बसलेली मी बघितली, आणि फाटक हळूच लावून परत गेला. त्याची ज्वारी जाते आहे, मला कळतं. देईन मी कुंदा, द्यावाच लागेल. पण दर वाफेला वास थोडा कमी होतो आहे. आज तर जवळजवळ आलाच नाही... मी फडकं पुन्हा ओलं केलं.