दुसऱ्या गावच्या पितरांना पोहे

आमच्या घरासमोर तैवानी कुटुंब राहतं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. एकदा ते त्या घरच्या आजींच्या कानावर गेलं. त्यांनी लेकीला दुभाषी म्हणून मध्ये घेतलं आणि मला विचारलं, "तू इंडियन ना? म्हणजे पंजाबी?"

मी नागपूरची. माझं टाळकंच सरकलं. "पंजाबी? मी? अहो आजी, कुठे नागपूर, कुठे पंजाब!"

"तसंच आमचं," आजी शांतपणे म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

तेव्हा कळलं की ही मंडळी आमिस. तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर, डोंगर आणि समुद्राच्या मधल्या पट्ट्यात राहणारे तिथले मूळचे रहिवासी. भाषा वेगळी, गाणी वेगळी, देवधर्म वेगळा. आणि सगळ्यात भारी म्हणजे घर बाईच्या नावानं चालतं. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो. हे ऐकल्यापासून आमच्याकडे भांडण झालं की मी नुसतं खिडकीतून समोरच्या घराकडे बोट दाखवते. नवरा म्हणतो, "नांदतोच आहे की मी." असो.

भाताची कापणी झाली की या लोकांचा मोठा सण असतो, ऐन उन्हाळ्यात. अख्खा गाव हात धरून रिंगण करतो आणि नाचतो. सुरुवातीचे दिवस पुरुषांचे, शेवटचा बायकांचा. त्या शेवटच्या दिवशी आजींच्या गावात गाण्याची पहिली ओळ आजी घालायच्या. एकीनं हाक द्यायची आणि रिंगणानं ओ द्यायची, असं ते गाणं. पुढे आजींच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, विमानाचा प्रवास बंद झाला, आणि सण इथे परदेशात, आमच्या बॉथेल गावच्या नदीकाठच्या पार्कात आला. रिंगणात कोण, तर आजी, लेक, जावई, दहा-अकरा वर्षांची नात आणि टकोमा शहरातून येणारं एक म्हातारं जोडपं.

मागच्या उन्हाळ्यात आजींनी हाक दिली आणि ओ आली ती एकट्या लेकीची. जावयाला सूर नाही, म्हातारं जोडपं धापा टाकत होतं, आणि नात लाजून पिकनिक टेबलाखाली जाऊन बसलेली. आजींनी दुसरी ओळ घातलीच नाही. परत येताना गाडीत म्हणाल्या, "एकीनं हाक द्यायची आणि एकीनं ओ, हे काय गाणं झालं? हे फोनवरचं बोलणं झालं. आता पुढच्या वर्षी मी गाणार नाही."

हे मला त्यांच्या लेकीनं सांगितलं, कचऱ्याचे डबे रस्त्याकडेला लावताना. "आई एकदा बोलली की बोलली. आणि तिनं सोडलं ना, तर हे गाणं आमच्या घरातून गेलंच समज. मला नुसती ओ येते गं, हाक कधी दिलीच नाही मी."

मी दर शनिवारी मराठी शाळा चालवते. हातातून भाषा सुटते म्हणजे काय होतं, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

पण खरी सुरुवात काही मी केली नाही, नातीनं केली. आजी गाणार नाहीत हे ऐकल्यापासून त्या पोरीचं धाबं दणाणलं होतं. ती आणि माझी मुलगी एकाच वर्गात. शाळेला सुट्टी लागायच्या आधी तिनं वर्गापुढे उभं राहून सांगितलं म्हणे, की उन्हाळ्यात हात धरून नाचायला माणसं हवी आहेत, हसायचं नाही, आणि खायला मिळेल. खायला मिळेल म्हटल्यावर निम्मा वर्ग तयार. त्यात माझ्या मराठी शाळेची झाडून सगळी पोरं. गृहपाठ म्हटलं की ज्यांना सर्दी होते, तीच पोरं!

आता मराठी माणसाला कार्यक्रम दिसला की आधी तालीम दिसते. गणपतीतल्या पाच मिनिटांच्या नाचासाठी आम्ही जूनपासून लोकांची गॅरेजं अडवतो. मी पदर खोचून समोरच्या घरी गेले. म्हणजे जीन्सला पदर नसतो, पण भाव तोच. लेकीला मध्ये घेऊन म्हटलं, "आजी, रविवारी दुपारी माझ्या गॅरेजमध्ये प्रॅक्टिस ठेवू. तुम्ही फक्त एकदा म्हणून दाखवा, मी फोनवर रेकॉर्ड करते."

आजींनी मान हलवली. "गाते असं कोण म्हणालं? आणि ती गाणी सणाच्या दिवसांखेरीज म्हणायची नसतात. आमच्या गावात नाही म्हणत."

"मग पोरं शिकणार कधी?"

"त्याच दिवशी."

"आणि चुकली तर?"

"चुकतील," आजी म्हणाल्या.

तालमीशिवाय कार्यक्रम? अहो, आमच्या मंडळात एक तालीम बुडवली म्हणून माणसांचं एकमेकांकडे जाणं-येणं बंद झालेलं आहे! वर लेकीनं सांगितलं की त्या गाण्यातल्या पुष्कळ शब्दांना अर्थच नसतो, नुसते आवाज असतात. शिक्षिका म्हणून मला हे जड गेलं. पोरं मात्र खूश, कारण अर्थ नाही म्हणजे अर्थ विचारणार कोण?

आमच्या शेजारी पुण्याचे एक काका राहतात, निवृत्त इंजिनियर. अडचण कुठलीही असो, काकांकडे स्पीकर असतो. "अहो, एवढं काय त्यात? नेटवर सगळं मिळतं," म्हणत त्यांनी आमिस सणाचा एक व्हिडिओ हुडकून काढला. पुण्याचं कधी नव्हे ते नागपूरला पटलं, आणि रविवारी गॅरेजचं दार वर करून आम्ही पोरं उभी केली.

व्हिडिओत बघतो तर हात शेजारच्याचा धरायचाच नाही. शेजारच्याला ओलांडून त्याच्या पलीकडच्याचा धरायचा, म्हणजे रिंगण सहजी तुटत नाही. आमच्या पोरांचं रिंगण तर असं काही अडकलं की बाथरूमला जायचं कुणाला सुचलं असतं तर सगळ्यांना जावं लागलं असतं. काकांनी आवाज वाढवला. स्पीकरमधून कुणा म्हाताऱ्याची हाक आली आणि आमच्या पोरांनी घसा फोडून ओ दिली. सगळा परिसर दणाणला.

तेवढ्यात काठी टेकत आजी रस्ता ओलांडून आल्या. मागून लेक पळत, तिच्या मागून नात. काकांनी घाईघाईनं गाणं बंद केलं. आजी आमच्याकडे बघेचनात. त्या गॅरेजच्या छताकडे बघत होत्या, मग सायकलींच्या वर, मग वॉटर हीटरच्या मागे. शेवटी मला म्हणाल्या, "जेवायला काय आहे?"

"भूक लागली का आजी?"

"मला नाही. त्यांना."

मग लेकीनं उलगडून सांगितलं. हे गाणं म्हणजे पूर्वजांना बोलावणं. हाक आणि ओ दोन्ही झालं की ते निघतात. आता एवढा समुद्र ओलांडून आले असतील, आणि बघतात तर सण नाही, भात नाही, काही नाही, नुसत्या सायकली. "आणि आई म्हणते, हे आमच्या गावचं गाणंसुद्धा नाही. लांबच्या दुसऱ्या गावचं आहे. म्हणजे आलेले कोण कुठले, आम्हालाही माहीत नाही."

काका ओशाळून म्हणाले, "पण मी लगेच पॉज केलं."

आजी म्हणाल्या, "ते पॉज होत नाहीत."

आता पितरांना जेवू घालणं हे काही मला नवं नाही. पितृपंधरवड्यात खीर-वडे करून कावळ्याच्या तोंडाकडे बघत बसणारी माणसं आम्ही. आणि पाहुणा दारात उभा, घरात शिजलेलं काही नाही, ही लाज मला कुणी भाषांतर करून सांगायला नको होती. मी तशीच आत पळाले. सकाळचे पोहे होते. गरम केले, लिंबू पिळलं, कोथिंबीर घातली. पाहुणे अनोळखी म्हणून खोबरं जरा जास्तच घातलं.

आजींनी ताटलीत वाकून बघितलं. "हे काय?"

"पोहे. म्हणजे भातच, पण कुटून चपटा केलेला."

"भाताचंच?" त्यांच्या कपाळावरची आठी गेली. ताटली ड्राइव्ह-वेच्या कडेला ठेवून त्या बराच वेळ आपल्या भाषेत बोलत राहिल्या. लेक हळू आवाजात आम्हाला सांगत होती. "म्हणते, लहान मुलं आहेत, चुकली. सण अजून व्हायचाय. भाताचंच आहे, खाऊन जा, राग धरू नका." पोरं एवढी गप्प कधी उभी राहिलेली मी पाहिली नाहीत. आमचे काकासुद्धा हात जोडून उभे.

आणि कावळे आले! बॉथेलमध्ये कावळ्यांना काय तोटा. संध्याकाळ झाली की कॉलेजच्या मागच्या पाणथळीकडे त्यांचे थवेच्या थवे जातात. त्यातले काही खाली उतरले आणि बघता बघता ताटली साफ. आमच्याकडे श्राद्धाला तासन्‌तास विनवण्या कराव्या लागतात, आणि इथे हे! काका पुटपुटले, "शिवला एकदाचा." मी म्हटलं, "काका, तोंड आवरा." माझी मुलगी डोळे विस्फारून म्हणाली, "आई, दॅट वॉज सो कूल. कॅन वी कॉल देम अगेन?"

"खबरदार!" मी ओरडले.

त्यानंतर मात्र आजी दर रविवारी स्वतःच यायला लागल्या, बसायला घडीची खुर्ची घेऊन. गाणं नाही, फक्त पाय. पण पाय टाकायचे कशावर? शेवटी माझ्या शाळेचे पाढे उपयोगी पडले. मी म्हणायची "बे दुणे", पोरं म्हणायची "चार", आणि पाऊल पुढे. आजी काठीनं ठेका धरायच्या. शिवाय एक कायदा त्यांनी घालून दिला, की लहानांनी आधी मोठ्यांना पाणी-सरबत द्यायचं आणि मगच स्वतः घ्यायचं. माझ्या पोरीनं स्वतः उठून बापाला पाणी दिलं त्या दिवशी नवरा घाबरला. त्याला वाटलं, रिपोर्ट कार्ड आलं असणार.

पण गाणार का, या प्रश्नाला आजी काही दाद देत नव्हत्या. मी दर रविवारी विचारायची आणि त्या दर रविवारी म्हणायच्या, "तू पाय उचल." लेक म्हणायची, "पाय शिकवते म्हणून गाईल असं समजू नकोस." नात नुसती आजीच्या तोंडाकडे बघायची. मला त्या पोरीची फार माया यायची, आणि आजींचा राग. एवढा कसला हट्ट म्हणते मी?

सणाच्या दिवशी पार्कात सगळी लाल रंगात. आजींच्या घरच्यांचे नक्षीचे लाल पोशाख, आमच्या पोरांचे गणपतीतले लाल झब्बे, कुणाचा नुसता फुटबॉलचा टी-शर्ट. टेबलावर वाफवलेला चिकट भात, मासे, आणि आजींच्या खास सांगण्यावरून पोह्यांचं पातेलं. पोरांनी अजिबात न गुंतता हात धरले. वडीलधाऱ्यांनी आत बसायचं म्हणून आजींची खुर्ची मधोमध. आजी एकेका पोराकडे बघत राहिल्या, खूप वेळ. मी मनात गणपतीला मोदक बोलले.

आणि आजींनी हाक दिली. त्या एवढ्याशा जिवातून तो आवाज कुठून निघाला देव जाणे. नदीवरची बदकं उडाली.

ओ आली ती एकट्या लेकीची.

पोरं चिडीचूप! गॅरेजमध्ये छप्पर उडवणारी पोरं, आणि आत्ता एकाच्या तोंडातून आवाज नाही. आजींचा चेहरा उतरायला लागला. मी हातवारे करत होते, डोळे वटारत होते. शेवटी माझी मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "इज इट ओके नाऊ? ते येतील ना!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरं विसरली नव्हती, घाबरली होती. कुणाला उपाशी बोलवायला नको म्हणून गप्प होती बिचारी.

नातीनं रिंगणातूनच ओरडून सांगितलं, "इट्स ओके! फूड इज रेडी!"

मग जी ओ गेली म्हणता! बेसूर, पुढेमागे, पण अशी भरघोस की टकोमाचे आजोबा उठून उभे राहिले. आजींनी दुसरी ओळ घातली. तिसरी घातली. रिंगण फिरायला लागलं ते थांबेचना. वर्षभराचं साठलेलं सगळं आजी त्या दिवशी गायल्या. पोरं दमली, कुणाचे पाय दुखले, पण गाणं चालू आहे तोवर हात सोडायचा नाही, म्हणजे नाही.

आणि मध्येच आजींचा आवाज गेला. त्यांनी तोंड उघडलं, पण नुसती हवा. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि लेकीकडे पाहिलं. लेकीनं मान हलवली. तिला हाक येत नव्हती. रिंगण गाण्याशिवाय तसंच चालत राहिलं, गवतावर फक्त पावलांचा आवाज. कुणीच हात सोडला नाही.

तेवढ्यात नातीनं हाक दिली. आत्ता ऐकली तशीच, पण फार वरच्या पट्टीत, आणि शेवट साफ चुकलेला. पोरं गोंधळून एकमेकांकडे बघायला लागली. लेकही वळून आजींकडे बघायला लागली.

त्या पोरीला पहिली ओ दिली ती आजींनी, त्या गेलेल्या आवाजात.