अंगठ्याचं नख

धुळ्याच्या हायवेवर गॅरेज चालवणाऱ्या नानांनी उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलंय. इंजिन खोललं की ते प्रत्येक भागावरून नख फिरवतात; अडलं, तर भाग बदलायचा. सीटबेल्टला ते भित्र्यांचा पट्टा म्हणतात, कधीच लावत नाहीत.

माझ्या खूप पळालेल्या स्पोर्ट्स कारचे पिस्टन त्यांनी लगेच बाद केले. क्रँकशाफ्टवर मात्र त्यांचं नख एकाच जागी पुन्हापुन्हा फिरत राहिलं. मग माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "भाऊ, हाई चाली जाई."

तोच क्रँकशाफ्ट ठेवून इंजिन जोडून झाल्यावर चाचणीला ते शेजारी बसले. पारोळ्याच्या रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "पळवू का, नाना?"

"पळव ना," ते म्हणाले आणि गुपचूप सीटबेल्ट ओढून लावला.